आबे कारेचा 'सेवाजी' आणि माझी फ्रेंच

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिवकालातील परकीय साधनांवर मी व्याख्यान दिले. फ्रेंच प्रवासी आबे कारे याने महाराजांविषयी लिहिलेला मजकूर मोठ्या ठसक्यात सांगितला. शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी विचारले, "हे मूळ फ्रेंचमधून वाचलंत का?" मी वाचले होते ते सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२७ सालच्या 'फॉरिन बायोग्राफीज ऑफ शिवाजी' या ग्रंथातले इंग्रजी भाषांतर. सेनांचा ग्रंथ मोलाचाच. पण कारेचे पुस्तक १६९९ साली पॅरिसला छापलेले, आणि मी त्याची साक्ष काढत होतो ती ऐकीव. त्याच महिन्यात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, फ्रेंचच्या वर्गात नाव घातले.

वर्गातली बाकी मुले परदेशी जाण्याच्या तयारीतली. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, शेवटची अक्षरं खायची!" हे त्यांचे पालुपद. मोडी वाचताना प्रत्येक फाटा जपायची मला सवय. इथे लिहायचे सगळे आणि म्हणायचे निम्मे. 'ते बोलतात' या क्रियापदाची शेवटची तीन अक्षरे नुसती शोभेची. चंद्र त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणजे आमच्या चांदोमामाची मामी झाली.

आकड्यांनी मात्र मुलांना रडवले आणि मला तारले. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्व्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. मुले कपाळाला हात लावत होती. मला आजी आठवली. ती आंबे 'चार विसा आणि वर नऊ' असेच मोजायची. अख्ख्या वर्गात त्या दिवशी पहिला नंबर माझा!

दोन वर्षांनी १६९९ च्या छापाची प्रत संगणकावर उघडली आणि गर्व उतरला. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा किंवा मधला 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. 'सोल्दा', म्हणजे सैनिक, हा शब्द मी 'फोल्दा' म्हणून दोन दिवस कोशात शोधत होतो. आज ज्या स्वरावर टोपी असते, तिथे जुन्या लेखनात पुष्कळदा पुढे एक 'एस' असतो. हे कळेपर्यंत डोक्यासाठीचा साधा शब्दही सापडेना.

मग आले महाराजांचे नाव. कारे ते लिहितो त्याच्या शेवटी 'जी' आणि 'वाय' ही अक्षरे आहेत. इंग्रजी वळणाने मी ते वर्षानुवर्षे 'सेवागी' असे वाचत आलो होतो. 'फ्रेंचांना आपल्या राजाचे नावही धड उच्चारता येत नव्हते' असे एका लेखात लिहूनही टाकले होते. फ्रेंचमध्ये त्या जागी 'ग' होतच नाही. उच्चार आपल्या 'जी'च्या जवळ जातो. पोर्तुगीज लेखनातही हेच वळण आहे. त्यांनी 'सेवाजी'च लिहिले होते. 'सेवागी' वाचणारा मी होतो.

दुसरी चूक याहून गंभीर ठरली असती. 'दमांदे' या क्रियापदाचा अर्थ मी इंग्रजी 'डिमांड'वरून वहीत 'मागणी करणे' असा लिहिला होता. त्याचा साधा अर्थ विचारणे, विनंती करणे. १६७७ मध्ये महाराज कर्नाटकच्या स्वारीवर असताना पाँडिचेरीच्या फ्रांस्वा मार्टिनने जेर्मँ नावाचा वकील त्यांच्याकडे पाठवला. वखार लहान, समोर नुकतीच जिंजी घेतलेले सैन्य. अशा प्रसंगी फ्रेंच 'मागणी करतात' की 'विनंती करतात', यावर कोण कोणाच्या दारी उभे होते हे ठरते. एका क्रियापदाने दरबारातली जागा बदलते.

उलट बाजूने आपणही काही कमी केलेले नाही. निजामाच्या सेनापतीला, मस्य रेमाँला, हैदराबादने 'मुसाराम' करून टाकले; मुसारामबाग आजही त्याचे नाव सांगते. परके नाव प्रत्येकजण आपल्याच जिभेने घेतो. त्यावर हसण्याआधी ती जीभ शिकावी, एवढेच.

अजूनही दिवसाला एक पान होते, कधी अर्धेच. 'सेवागी'चे वाक्य असलेल्या त्या जुन्या लेखाची दुरुस्ती मी संपादकांना पाठवली आहे, आणि त्या शिक्षकांना एक पत्र. त्यात लिहिले, "गुरुजी, आता मूळातून वाचतो आहे. चुकत चुकत."