‘रायट ॲक्ट’ वाचला, पण दंगल कुठे आहे?

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना ‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवला, असे वाक्य इंग्रजी वृत्तात आले, तर त्याचा दंगलीशी बहुधा काहीही संबंध नसतो. वर्तन सुधारले नाही तर कारवाई अटळ आहे, अशी निर्वाणीची तंबी वरिष्ठाने दिली, एवढाच त्याचा अर्थ. घाईच्या भाषांतरात मात्र याचे ‘दंगलविरोधी कायदा लागू’ होऊ शकते. तणावाखालील शहरात असा मथळा काय करील, हे वेगळे सांगायला नको.

वाक्प्रचारामागचा कायदा मात्र खरा होता. ब्रिटिश संसदेचा ‘रायट ॲक्ट’ १ ऑगस्ट १७१५ रोजी अमलात आला. बारा किंवा अधिक माणसे बेकायदा जमून शांतताभंग करू लागल्यास दंडाधिकाऱ्याने त्यांच्यासमोर ठरावीक जाहीरनामा मोठ्याने वाचायचा. त्यानंतर तासाभरात न पांगणाऱ्यांना देहदंडाची तरतूद होती. जमाव पांगवताना कोणी दगावल्यास पांगवणाऱ्यांना संरक्षणही होते. म्हणूनच वाचनाला इतके महत्त्व. १८३० मधील एका खटल्यात, देव राजाचे रक्षण करो अशा अर्थाचे अखेरचे शब्द वाचायचे राहिले, तेवढ्यावरून दोषसिद्धी टिकली नाही. उलट १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर घोडदळ सभेत घुसले, तेव्हा जाहीरनामा वाचल्याचा दंडाधिकाऱ्यांचा दावा होता. तो ऐकल्याचे मात्र जमलेल्या हजारोंपैकी फारसे कोणी सांगितले नाही.

हा कायदा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधून गेला, वाक्प्रचार उरला. त्याचा नेमका वापर करताना दोन गोष्टी पाहाव्यात : बोलणाऱ्याकडे अधिकार हवा आणि इशाऱ्यामागे परिणामांची धमकी हवी. विरोधी पक्षनेत्याने सरकारवर टीका केली, तर ती टीकाच. तेथे हा प्रयोग चुकीचा. नुसत्या रागावण्यालाही तो जड होतो. मराठीत ‘सक्त ताकीद दिली’ किंवा ‘निर्वाणीचा इशारा दिला’ हे शब्द पुरेसे आहेत. ‘कानउघाडणी’ त्यामानाने सौम्य.

भारतात जमावाला पांगण्याचा आदेश देण्याचा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. तेथे संख्या पाच आहे आणि तासाभराची मुदत नाही. पूर्वीचे ‘कलम १४४’, म्हणजे प्रतिबंधात्मक आदेशांचा अधिकार, याच संहितेत कलम १६३ झाले आहे. बातमीत खरोखर असा आदेश निघाला असेल, तर कलमाचा क्रमांक आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लिहावे. ‘रायट ॲक्ट’ हा शब्द तेथे वापरू नये.