विद्युत् अभिचालित्र

विद्युत् अभिचालित्र : एका मंडलातील अल्प विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने दुसऱ्या, त्यापासून विभक्त असलेल्या मंडलातील प्रवाह सुरू किंवा बंद करणाऱ्या चुंबकीय स्विचला अभिचालित्र म्हणतात. व्यवहारात ते रिले या नावाने परिचित असल्याने पुढील विवेचनात तेच नाव वापरले आहे. टपालाच्या मार्गावर ठराविक टप्प्यांवर थकलेले घोडे सोडून ताजे घोडे जुंपण्याची पद्धत होती. तीवरून हे नाव आले. लांब तारेतून येताना क्षीण झालेला प्रवाह आपला संदेश रिलेच्या द्वारे नव्या घटमालेच्या स्वाधीन करीत असे, म्हणून ते नाव अन्वर्थक होते. रिलेचा इतिहास बहुधा दुर्बल प्रवाहाकडून बलवान प्रवाहावर हुकमत चालविण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि प्रवाह खंडित होताच हे साधन आपोआप पूर्वस्थितीत येते, हा त्याचा दुसरा गुण तितकाच महत्त्वाचा असून असंख्य माणसांची सुरक्षितता त्यावर अवलंबून राहिलेली आहे.

रचना व कार्य : मऊ लोखंडाच्या गाभ्याभोवती निरोधक लेप दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो किंवा हजारो वेढे देऊन वेटोळे तयार करतात. गाभ्याच्या टोकासमोर एक लोखंडी पट्टी बिजागरीप्रमाणे हलेल अशी बसविलेली असते. तिला आर्मेचर म्हणतात. स्प्रिंगच्या ताणामुळे ती गाभ्यापासून दूर राहते. वेटोळ्यातून प्रवाह सोडला म्हणजे गाभा चुंबक बनून आर्मेचरला खेचतो व त्याला जोडलेले धातूचे स्पर्शक जुळतात किंवा विलग होतात. प्रवाह थांबताच चुंबकत्व नाहीसे होते आणि स्प्रिंग आर्मेचरला मागे ओढते. पोलादात चुंबकत्व टिकून राहते, म्हणून गाभ्यासाठी ते चालत नाही. मऊ लोखंडातही अल्पसे चुंबकत्व उरतेच. त्यामुळे आर्मेचर गाभ्याला चिकटू नये म्हणून दोहोंच्या मध्ये पितळेसारख्या अचुंबकीय धातूचा लहानसा अडसर ठेवतात.

आर्मेचर व गाभा यांतील फट कमी होत जाते तसे आकर्षण झपाट्याने वाढते. त्यामुळे आर्मेचर खेचण्यास लागणाऱ्या प्रवाहापेक्षा ते खेचलेल्या स्थितीत धरून ठेवण्यास पुष्कळच कमी प्रवाह पुरतो. स्पर्शक विलग होताना त्यांच्यामध्ये ठिणगी किंवा प्रज्योत निर्माण होते व ते झिजतात. क्वचित वितळून एकमेकांस चिकटतात. यासाठी ते चांदीच्या मिश्रधातूंचे करतात. प्रत्यावर्ती प्रवाह (उलट-सुलट दिशांनी वाहणारा प्रवाह) वारंवार शून्य होत असल्याने त्याची प्रज्योत लवकर विझते. एकदिश प्रवाहाची विझविणे अधिक कठीण असते.

मोटारगाडीतील उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. एंजिन सुरू करणारी विद्युत् चलित्र शेकडो अँपिअर प्रवाह घेते. एवढा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून नेता येत नाही. किल्ली फक्त चुंबकीय स्विचला अल्प प्रवाह पुरविते आणि मोठा प्रवाह त्या स्विचच्या जाड स्पर्शकांतून जातो.

उगम : हान्स क्रिस्तिआन ओर्स्टेड यांना 1820 मध्ये विद्युत् प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते असे आढळले. विल्यम स्टर्जन यांनी 1825 मध्ये लोखंडी गाभ्याचा विद्युत् चुंबक तयार केला. अमेरिकन भौतिकीविज्ञ जोसेफ हेन्री यांनी निरोधित तारेचे अनेक थर गुंडाळून त्याचे सामर्थ्य वाढविले आणि अनेक वेढ्यांचा चुंबक लांब तारेच्या टोकाशीही काम करतो, असे ऑल्बनी येथे घंटा वाजवून दाखविले. पुढे प्रिन्स्टन येथे अध्यापन करीत असता 1835 च्या सुमारास त्यांनी दूरच्या क्षीण प्रवाहाने एक लहान चुंबक चालवून त्याच्या द्वारे प्रचंड चुंबकाचे मंडल खंडित केले. त्याबरोबर त्या चुंबकाने धरलेले शेकडो किलोग्रॅम वजन खाली कोसळले. रिलेच्या तत्त्वाचे हे स्पष्ट प्रात्यक्षिक होते. परंतु हेन्री यांनी त्याचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. इंग्लंडमध्ये एडवर्ड डेव्ही यांनी क्षीण झालेल्या तारसंदेशाचे नवीकरण करण्याची युक्ती स्वतंत्रपणे योजून 1838 मध्ये एकस्व मिळविले.

सॅम्युएल मॉर्स हे मूळचे चित्रकार. हेन्री यांच्या कार्याची माहिती त्यांना लेनर्ड गेल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडून मिळाली. 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टन-बॉल्टिमोर तारमार्गाचे उद्‌घाटन झाले, तेव्हा तारेच्या टोकाशी रिले होते. श्रेय कोणाचे हा वाद पुढे न्यायालयात गेला व हेन्री यांना साक्ष द्यावी लागली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1854 मध्ये मॉर्स यांचे बहुतेक हक्क मान्य केले; मात्र विद्युत् चुंबकत्वाने दूर अंतरावर लेखन करण्याच्या सर्वच पद्धतींवर त्यांनी सांगितलेला हक्क फेटाळला. निसर्गातील तत्त्वावर कोणाची मालकी असू शकत नाही, हा या निकालाचा गाभा होय.

दूरध्वनी व गणनयंत्रे : ॲल्मन स्ट्राउजर यांना 1891 मध्ये स्वयंचलित दूरध्वनी केंद्राचे एकस्व मिळाले. या केंद्रात ग्राहकाने तबकडी फिरविली म्हणजे निर्माण होणाऱ्या स्पंदांनुसार विद्युत् चुंबक एकेक पायरी सरकत व जोडणी होई. भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र 1913–14 मध्ये सिमला येथे सुरू झाले. अशा केंद्रांतील अखंड खडखडाट म्हणजे हजारो आर्मेचरांच्या हालचालींचा आवाज असे. 1980 नंतर इलेक्ट्रॉनीय केंद्रे आली आणि तो आवाज क्रमाक्रमाने लोपला. 14 जुलै 2013 रोजी भारतातील सार्वजनिक तारसेवाही संपुष्टात आली.

रिलेच्या ‘चालू’ व ‘बंद’ या दोनच स्थिती असतात. या स्थितींची सांगड तर्कशास्त्रातील सत्य व असत्य यांच्याशी घालता येते, हे क्लॉड शॅनन यांनी 1937 मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखविले. त्याच वर्षी जॉर्ज स्टिबिट्झ यांनी घरीच दूरध्वनीच्या टाकाऊ रिलेंपासून द्विमान अंकांची बेरीज करणारे उपकरण बनविले. कॉनराट त्सूझे यांनी बर्लिनमध्ये 1941 साली पुरे केलेले झेड-3 हे आदेशावलीनुसार चालणारे गणनयंत्र सुमारे दोन हजारांहून अधिक रिलेंचे होते. हार्व्हर्डच्या मार्क-2 यंत्रातील एका रिलेत 9 सप्टेंबर 1947 रोजी एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. रिलेस हालचालीला काही सहस्रांश सेकंद लागतात. निर्वात नलिका त्याहून हजार पटींनी वेगवान असल्याने संगणकांतून रिले लवकरच बाद झाले. वेगाच्या कसोटीवर जे हरले, तेच सुरक्षिततेच्या कसोटीवर मात्र टिकले.

लोहमार्ग संकेतन : अमेरिकन अभियंते विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये बंद रूळ-मंडलाचे एकस्व घेतले. यात मार्गाचा एक खंड निरोधक सांध्यांनी वेगळा करून त्याच्या एका टोकाशी घटमाला व दुसऱ्या टोकाशी रिले दोन्ही रुळांना जोडतात. खंड मोकळा असताना प्रवाह रुळांतून जाऊन रिलेचे आर्मेचर उचललेले ठेवतो व पुढे जाण्याचा संकेत मिळू शकतो. गाडी खंडात शिरली म्हणजे तिची चाके व आस दोन्ही रूळ एकमेकांस जोडतात. प्रवाह रिलेकडे न जाता चाकांतूनच परततो, आर्मेचर खाली पडते आणि संकेत लाल होतो. घटमाला निकामी झाली, तार तुटली किंवा रूळ दुभंगला, तरी सामान्यतः परिणाम तोच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबते. धोक्यात जात नाही. म्हणून संकेतनाच्या रिलेत आर्मेचर खाली आणण्याचे काम बहुधा स्प्रिंगऐवजी गुरुत्वाकर्षणावर सोपवितात आणि स्पर्शक चिकटू नयेत म्हणून जोडीतील एक स्पर्शक कार्बनयुक्त ठेवतात.

या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. प्रवाह नसणे म्हणजे धोका हे रिले ओळखते; मात्र आलेला प्रवाह योग्य तारेतून आला की चुकीच्या, हे त्याला कळत नाही. लंडनमधील क्लॅपम जंक्शनजवळ 12 डिसेंबर 1988 रोजी झालेल्या अपघातात 35 जण मृत्युमुखी पडले. नव्या जोडणीच्या वेळी एक जुनी तार एकाच टोकाने सोडविली गेली होती. तिचे मोकळे टोक जुन्या अग्राला टेकले, रिलेला नको तो प्रवाह मिळाला आणि पुढे गाडी उभी असूनही संकेत लाल झाला नाही. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या 13 आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती आणि त्याच्या कामाची स्वतंत्र तपासणी झाली नव्हती, असे चौकशीत निष्पन्न झाले. ओडिशातील बाहानगा बाजार येथे 2 जून 2023 रोजी झालेल्या अपघातात 290 हून अधिक प्रवासी दगावले. तेथेही संकेतनाच्या मंडलात बदल करताना राहिलेल्या त्रुटी कारणीभूत ठरल्याचे लोहमार्ग सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळले. दोन्ही ठिकाणी दोष यंत्राच्या तत्त्वात नसून जोडणीत व तिच्या पडताळणीत होता.

विद्युत् शक्ती : विद्युत् वितरणात रिले पहारेकऱ्याचे काम करते. प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास ते मंडल-खंडकाला आज्ञा देऊन सदोष भाग वेगळा करते. माक्स बुखहोल्ट्स यांनी 1921 मध्ये शोधलेले रिले रोहित्रातील (ट्रान्सफॉर्मरमधील) तेलात बिघाडामुळे वायू साचू लागला म्हणजे इशारा देते.

मोठ्या प्रवाहासाठी बनविलेल्या रिलेला काँटॅक्टर म्हणतात. महाराष्ट्रातील विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये तोच असतो. हिरवे बटन दाबल्यावर काँटॅक्टर ओढला जातो व स्वतःच्याच एका स्पर्शकातून वेटोळ्याला प्रवाह पुरवून ओढलेला राहतो. वीज गेली की तो सुटतो आणि वीज परत आली तरी बटन दाबल्याखेरीज पंप सुरू होत नाही. पंपाशी काम करीत असलेल्या माणसाचे यामुळे रक्षण होते. वीज रात्री-अपरात्री येत असल्याने शेतकरी स्टार्टरला पंप आपोआप सुरू करणारे साधन जोडून घेतात. त्यांची अडचण खरी आहे. तथापि त्यामुळे हे संरक्षण नाहीसे होते, शिवाय वीज येताच सर्व पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर अतिभार पडतो.

सद्यःस्थिती : अर्धसंवाहकांपासून बनविलेले, हलते भाग नसलेले स्विच जलद व दीर्घायुषी असतात, परंतु निकामी होताना ते पुष्कळदा ‘चालू’ स्थितीतच अडकतात आणि बंद असतानाही त्यांतून किंचित प्रवाह गळतो. चुंबकीय रिलेत स्पर्शकांमध्ये हवेची खरीखुरी फट असते. त्यामुळे मोटारगाड्या, घरगुती उपकरणे व लोहमार्ग यांत त्याचा वापर चालू आहे. संकेतनातील निर्णय आता अनेक स्थानकांवर इलेक्ट्रॉनीय यंत्रे घेतात, तरीही तो निर्णय दिव्यापर्यंत व सांध्यापर्यंत पोहोचविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी रिलेकडेच आहे. प्रवाह थांबला की आर्मेचर खाली पडते, हा त्याचा गुणधर्म हेन्री यांच्या काळापासून बदललेला नाही. त्याला जोडलेली प्रत्येक तार तपासण्याची जबाबदारी मात्र माणसाकडेच राहते.