घरच्या सोलरचे काम घेताना: वायरमनजवळ कोणता कागद हवा?

बेळगाव, खानापूर, चंदगड भागातली आपली बरीच मुले आयटीआय करून वायरिंगच्या कामात आहेत. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छतावरच्या सोलरची कामे पोटठेक्याने त्यांच्याकडे येतात. "आमचं रजिस्ट्रेशन आहे, तुला वेगळं काही लागत नाही," असे काम देणारा सांगतो. हे अर्धेच खरे आहे. म्हणून कोणता कागद कशासाठी लागतो, ते आम्ही येथे एकत्र देत आहोत.

विक्रेत्याची नोंदणी
योजनेत ३ किलोवॉट आणि त्यावरील संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते मिळण्यासाठी संच योजनेत नोंदलेल्या विक्रेत्यानेच बसवावा लागतो. ग्राहकाशी करार त्याचा असतो आणि ५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही त्याचीच. ही नोंदणी अनुदानाच्या व्यवहारासाठी आहे. तो वीजकामाचा परवाना नव्हे.

वीजकामाचा परवाना
केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे ग्राहकाच्या घरातले वीजकाम राज्याचा परवाना असलेल्या ठेकेदाराने घ्यावे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाने त्यावर देखरेख करावी आणि हातकाम परवानाधारक तारतंत्रीने, म्हणजे वायरमनने करावे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापुरती सूट आहे. इन्व्हर्टर आणि मीटरकडची जोडणी त्या सुटीत बसत नाही.

म्हणजे ज्याच्याकडे फक्त वायरमनचा परवाना आहे, त्याला स्वतःच्या नावावर वीजकामाचा ठेका घेता येत नाही. त्याने परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखालीच काम करावे, आणि तो ठेकेदार कोण हे कामाआधी माहीत करून घ्यावे.

शिक्षण आणि प्रशिक्षण
आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा २ वर्षांचा ट्रेड हा या कामाचा पाया. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 'सूर्यमित्र' हा ६०० तासांचा अभ्यासक्रम सोलरचे काम शिकवतो. तो जरूर करावा, पण ते प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे. परवाना वेगळा काढावा लागतो.

राज्याची हद्द
आपल्या भागातली खरी अडचण ही आहे. चंदगडचा मुलगा आज शिनोळीत, उद्या बेळगावात आणि पुढच्या आठवड्यात तिलारी घाट उतरून गोव्यात काम करतो. वीज देणारे तिन्हीकडे वेगळे: महावितरण, हेस्कॉम आणि गोव्याचे वीज खाते. परवानाही ज्या त्या राज्याचा. विनियमांत "राज्याने दिलेला किंवा मान्य केलेला" परवाना असे म्हटले आहे. म्हणून महाराष्ट्राचा परवाना घेऊन बेळगावात काम करायचे तर कर्नाटकच्या विद्युत निरीक्षण खात्याकडे मान्यतेबद्दल आधी लेखी विचारणा करावी. तोंडी होकारावर राहू नये.

हा नुसता कागदाचा प्रश्न नाही
सात-आठ पॅनेल एका साखळीत जोडले की ३०० व्होल्टच्या आसपास डीसी दाब तयार होतो. ऊन असेपर्यंत पॅनेलमधला दाब मुख्य स्विच पाडूनही जात नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, म्हणून सैल कनेक्टरमुळे आग लागू शकते. अपघात झाल्यावर पहिली चौकशी होते ती जोडणी कोणी केली आणि त्याच्याकडे परवाना होता का, याचीच. त्या वेळी विनापरवाना मुलगा एकटा पडतो.

काम घेण्यापूर्वी

– विक्रेत्याची नोंदणी आणि वीज ठेकेदाराचा परवाना, दोन्हींची प्रत मागून ठेवा. मुदत तपासा.
– कामाची चिठ्ठी लेखी घ्या: पत्ता, किलोवॉट, आपल्याकडे नेमके कोणते काम, मजुरी किती आणि केव्हा.
– अपघात विमा कोणाच्या नावावर आहे ते विचारा. छतावर सेफ्टी बेल्टशिवाय चढू नका.
– डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक यांचे अर्थिंग वेगवेगळे करा. मोजणी लिहून फोटो ठेवा.
– कोऱ्या चाचणी अहवालावर सही करू नका, आणि आपला परवाना दुसऱ्याला वापरायला देऊ नका.

घरमालक सभासदांनीही छतावर आलेल्या मुलाला परवाना दाखवायला सांगावे. त्यात कोणाचा अपमान नाही. ज्याने तो रीतसर काढला आहे, त्याला दाखवताना बरेच वाटते. परवान्याचा अर्ज कन्नडमध्ये असल्याने कोणी अडले असेल, तर कागद घेऊन मंडळात या. आपण बसून भरू.