डबा कुणाचा?

मे २००० उजाडेपर्यंत जीपीएसच्या उपग्रहांकडून सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम खोट घातलेली असे. अमेरिकी लष्कराला ठिकाण नेमकं कळे, बाकीच्यांना शंभरेक मीटर इकडेतिकडे. बिल क्लिंटन यांच्या आदेशाने त्या महिन्याच्या आरंभी ही खोट काढून टाकली आणि एका रात्रीत लोकांच्या हातातली यंत्रं दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झाली. लगोलग, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत डेव्ह अल्मर या गृहस्थाने एक प्लास्टिकची बादली अर्धवट पुरली. तिच्यात पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल, घेवड्याचा एक डबा अशा किरकोळ वस्तू आणि एक वही ठेवली, आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले. नियम एवढाच की बादलीतलं काही घ्या, आपलं काही ठेवा आणि वहीत नोंद करा. काही दिवसांतच माइक टीग नावाच्या माणसाने ती शोधून काढली. मॅट स्टम यांनी महिनाअखेरीस या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं, सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी त्याचं संकेतस्थळ सुरू केलं. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे दडवलेले आहेत.

कूळ मात्र याहून जुनं आहे. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर क्रॅनमिअर पूल नावाची एक आडबाजूची दलदलीची जागा आहे. तिथे जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली. एवढी तंगडतोड करून पोचणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकावं, इतकाच हेतू. पुढे बाटलीच्या पेट्या झाल्या, पेट्यांत शिक्के आले, आणि पेट्या हुडकत माळ तुडवण्याचा छंदच लागला. अल्मरच्या बादलीने त्या पेटीला उपग्रहाची जोड दिली. पण पेटी माळावर वर्षानुवर्षं टिकली कशी, हा प्रश्न उपग्रहाच्या आधीचा आहे, आणि हा खेळ कुठे फोफावतो नि कुठे उगवतच नाही याचं उत्तर माझ्या मते त्याच प्रश्नात आहे.

कारण तीस लाखांची वाटणी फार विषम आहे. सगळ्यात जास्त डबे अमेरिकेत, त्याखालोखाल जर्मनीत. पाच हजारांहून अधिक खेळाडूंचा पहिला मेळा २०१४ मध्ये म्युनिकला भरला. चेकियासारख्या छोट्या देशात तर वाटेवरच्या दर वळणाला एखादा डबा सापडावा अशी दाटी. आपल्याकडे जे थोडेफार डबे आहेत ते बहुतेक महानगरांच्या नि पर्यटनस्थळांच्या आसपास. अकोला-अमरावतीकडे हा शब्द उच्चारला तर तो मोबाइलचा नवा रिचार्ज वाटण्याचीच शक्यता अधिक. याची नेहमीची स्पष्टीकरणं दोन: आपल्याकडे यंत्रं नाहीत, आणि आपल्याला नकाशाची सवय नाही. दोन्ही कच्ची आहेत.

आधी नकाशाचं बघू. अक्षांश-रेखांश मोजण्याच्या कामात वऱ्हाडचा वाटा मोठा आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी दक्षिणोत्तर कमानीच्या रूपाने वर सरकत वऱ्हाडात आली. लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. काम हाती घेतलं जॉर्ज एव्हरेस्टने. कमानीच्या या तुकड्यावर त्याने १८३० मध्ये जो ग्रंथ छापला, त्यात तीन मुख्य ठाणी येतात: दक्षिणेला दमरगिद्दा, उत्तरेला सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मधोमध एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, खोऱ्यातलं टाकळखेडा. पृथ्वीचा आकार किती चपटा आहे हे ठरवणाऱ्या आकडेमोडीत वऱ्हाडातलं एक खेडं बसलेलं आहे. त्या आकडेमोडीतून निघालेला पृथ्वीचा आराखडा भारताच्या नकाशांनी पुढे दीडशेहून अधिक वर्षं वापरला. जीपीएसचा आराखडा वेगळा असल्यामुळे जुन्या सरकारी नकाशावरून उतरवलेले अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये भरले तर माणूस भलत्याच वावरात जाऊन उभा राहतो. एव्हरेस्टच्या ग्रंथानंतर, १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. प्रत्येक वावराला नंबर, प्रत्येक धुऱ्याला हद्द, कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी चांदे. अडाणी म्हणवणारा शेतकरीसुद्धा आपल्या गटाचा नकाशा तलाठ्याच्या कपाटात कुठे आहे ते सांगू शकतो. तेव्हा नकाशाची सवय नाही, हे म्हणणं टिकत नाही. उलट इथे नकाशा इतका कामाचा आहे की त्याच्याशी कुणी खेळत नाही. धुरा वीतभर सरकला तर भाऊ भावाला कोर्टात खेचतो.

यंत्राची सबब तर २०१६ मध्येच निकालात निघाली. त्या वर्षी ‘पोकेमॉन गो’ आला. तोही जीपीएसवरच चालणारा, ठिकाणं गाठत फिरायला लावणारा खेळ. भारतात तो रीतसर यायच्या आधीच पोरं मोबाइल पुढे धरून रस्त्यांवर हिंडू लागली होती. फोन होता, हौस होती, उन्हात वणवण करायची तयारीही होती. फरक एवढाच की त्या खेळात जमिनीवर प्रत्यक्ष काही ठेवलेलं नसे. आणि तरीही गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली, कारण खेळातली अंडी देवळांच्या ठिकाणी दिसत होती. म्हणजे नुसत्या पडद्यावरच्या अंड्यालाही ‘ही जागा कुणाची’ हा प्रश्न चुकला नाही. मग खऱ्या डब्याला तो कसा चुकेल? जिओकॅशिंगला लागते ती अशी जागा, जिथे तिऱ्हाईत माणूस काहीतरी ठेवून जाऊ शकतो आणि दुसरा तिऱ्हाईत तिथे वाकून शोधू शकतो, आणि दोघांनाही कुणी हटकत नाही. स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या रानातून चालण्याचा हक्क परंपरेनेच सगळ्यांना आहे. जर्मनीत जंगलात फिरायला जाण्याची मुभा कायद्यात लिहिलेली आहे. अमेरिकेच्या पश्चिमेला अफाट सरकारी जमीन मोकळी पडलेली आहे. खेळ तिथेच वाढला.

वऱ्हाडात अशी जागा शोधू गेलं तर काय हाती लागतं? वावर कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. पांदण रस्ता वहिवाटीचा, त्यावरही भांडण. उरली ई-क्लास जमीन. गुरचरणीसाठी राखलेल्या जमिनीचं महसुली वर्गातलं हे नाव वऱ्हाडी बोलीत इतकं मुरलं आहे की त्यातलं इंग्रजी कुणाला जाणवतही नाही. कागदावर ती सरकारची, वापराने गावाची, आणि बऱ्याच ठिकाणी अतिक्रमण करणाऱ्याची. तिच्यावर उपऱ्या माणसाने दगड उलथायला सुरुवात केली की पाच मिनिटांत गुराखी विचारणार, कोन्या गावचे भाऊ तुमी? राहिलं जंगल. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, आणि नरनाळ्याचा किल्लाही वनखात्याच्याच हद्दीत. आपल्याकडच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय पाऊल टाकणं हाच मुळात गुन्हा. तेव्हा गाविलगड, नरनाळा इथे डबे का नाहीत याचा दोष वऱ्हाडी माणसाच्या साहसबुद्धीला देणं अन्यायाचं आहे.

पण जागेने अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं डब्यात आहे. जमिनीत दडवलेल्या वस्तूला आपल्या भाषेत आधीच एक नाव आहे, गुप्तधन, आणि ते नाव निरागस नाही. गुप्तधनाला राखण असते, त्यावर नाग असतो, आणि ते दिसतं कुणाला तर पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्याला. उपग्रहांच्या आधीचा आमचा ठिकाणशोधक म्हणजे हा पायाळू, बिचाऱ्याला त्यातून त्रासच झाला असेल. या समजुतीपायी अघोरी प्रकार घडले, म्हणून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. कायद्यातलं याहून जुनं नाव आहे निखात निधी. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, केव्हा. शंभर वर्षांच्या आत ती कुणी दडवल्याचं दिसलं तर त्याला दावा करायची संधी. शब्दशः घेतलं तर बीव्हरक्रीकची बादली बार्शीटाकळीच्या माळावर सापडती तर गलोल आणि घेवडा यांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात गेली असती. हा विनोद आहे हे कबूल, पण त्यामागची भीती विनोदाची नाही. रात्रीबेरात्री माळावर कुणी खणताना दिसला तर गाव त्याचा एकच अर्थ लावतं.

त्यात बॉम्बस्फोटांच्या काळाने तिसरा अर्थ चिकटवला: बेवारस वस्तू. रेल्वे स्टेशनपासून बसस्टँडपर्यंत गेली तीसेक वर्षं आपल्याला ऐकवलं जातंय की बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. इथे आक्षेप येईल की असा संशय तिकडेही आहेच. आहे. इंग्लंडात वेदरबी गावी २०११ मध्ये असाच एक डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकाने उडवून दिला. पण तिकडे खेळ आधी रुजला होता, खेळाडूंची संख्या मोठी होती, त्यामुळे पोलीस आणि खेळाडू यांच्यात बोलणं होऊ शकलं. जिथे डब्याला पहिला अर्थच बॉम्बचा किंवा भानामतीचा मिळतो, तिथे बोलणार कोण आणि कुणाशी? आणि संशयाची किंमत आपल्याकडे फार मोठी होऊ शकते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून भिक्षुकी करणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. अनोळखी माणसाचं गावात रेंगाळणं हे सगळीकडे सारखं निर्धोक नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. असे छंद आपोआप पसरत नाहीत, कुणीतरी बी टाकावं लागतं. पहिले दहा डबे असतील तर अकरावा येतो. तेव्हा इथे खेळ नाही याचं कारण एवढंच की पहिले दहा कुणी ठेवले नाहीत. वेग किती असेल हे यातून कळतं, मान्य. पण बी तर पडलं होतं. अमेरिका-जर्मनीत नोकरी करून परतलेली माणसं गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रात थोडकी नाहीत. सरकारी नकाशे आणि मोजणी यांवरची जुनी बंधनंही फेब्रुवारी २०२१ च्या नव्या धोरणाने बरीच सैल झाली. तरी रोप महानगरांच्या कुंड्यांतच राहिलं. उन्हाचं कारण सांगणाऱ्यांनी ॲरिझोना पाहावं. अकोल्यासारखाच तो भाजून निघतो आणि तिथे डबे भरपूर आहेत.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की आपल्या लोकांत परक्यावर विश्वास टाकायची वृत्तीच नाही. तो मात्र साफ चुकीचा आहे. उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या कुठल्याही रस्त्यावर पाणपोई दिसते. ओलं फडकं गुंडाळलेले रांजण, त्यावर पेला, आणि राखायला बहुधा कुणी नाही. तिऱ्हाइताने तिऱ्हाइतासाठी उघड्यावर ठेवलेली वस्तू ती हीच की. रांजण टिकतो, पेला टिकतो, निदान साखळीला बांधला तर. दगडाला शेंदूर लागला की तो तर पिढ्यान्‌पिढ्या कुणी जागचा हलवत नाही, रस्ता रुंद करणारं खातंसुद्धा आधी दहादा विचार करतं. उघड्यावरच्या वस्तूला राखणारी व्यवस्था आपल्याकडे आहे आणि ती भक्कम आहे. पण ती मागते उपयोग किंवा देवत्व. नुसती गंमत म्हणून ठेवलेल्या, कुणाच्या नावाच्या नसलेल्या डब्याला तिच्यात जागा नाही. डार्टमूरच्या पेटीला निरुपयोगी असण्याची मुभा मिळाली, ती तिथला माळ रिकामा होता म्हणून. आपला माळ रिकामा दिसतो, पण तसा तो कधीच नसतो.

म्हणून वऱ्हाडात हा खेळ आलाच तर डब्याविना येईल असं मला वाटतं. तशी सोय त्यात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतही डबे पुरण्यावर बंधनं आहेत. त्यातून वाट काढत २००४ पासून भूगर्भशास्त्राच्या जागांसाठी एक प्रकार निघाला, त्यात काही ठेवायचं-उचलायचं नाही. ठिकाणी जायचं, निरीक्षण करायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्याला लोणारच्या विवराहून चांगली जागा कुठली? याहूनही साधा एक चुलतभाऊ आहे. पूर्ण अंशाचं अक्षवृत्त आणि पूर्ण अंशाचं रेखावृत्त जिथे छेदतात त्या बिंदूवर जायचं, फोटो काढायचा आणि परत यायचं. १९९६ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेक्स जॅरेट यांनी हा उद्योग सुरू केला, म्हणजे तो अल्मरच्या बादलीपेक्षा वयाने मोठा. असा एक छेदबिंदू, २१ अंश उत्तर आणि ७७ अंश पूर्व, अकोला जिल्ह्यातच आहे: पूर्णेच्या उत्तरेला, अकोटच्या दक्षिणेला, काळ्या मातीच्या सपाटीत. तिथे कुठलाच डबा नाही. जायचं असेल तर पावसाळ्यात जाऊ नका, त्या मातीत चप्पल पायात राहत नाही. कापूस निघाल्यावर जा, धुऱ्याधुऱ्याने चाला, आणि वावरात उतरण्याआधी मालकाला विचारा.