दोनदा राबलेलं पाणी : मराठवाड्याच्या परसबागेची गोष्ट

आजचा एपिसोड मी नांदेडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून रेकॉर्ड करतेय, त्यामुळे मागून रिक्षांचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. गॅलरी केवढी? चार फूट बाय नऊ. तिच्यात अकरा कुंड्या, तेलाचे दोन डबे आणि एक फुटकी बादली. कढीपत्ता, मिरची, अंबाडी, पुदिना, आळू आणि ग्रिलवर चढलेला एक दोडका.

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "हे किचन गार्डनचं फॅड तू रील बघून सुरू केलंस का गं?" मला हसू आलं. कारण आमच्याकडे हे फॅड मोबाइलच्याच काय, विजेच्याही आधीपासून आहे. फक्त त्याचा इतिहास कुणी नीट लिहून ठेवला नाही. का नाही ठेवला, तेच आज बोलू.

जुन्या काळी आपल्या गावांचे दोन भाग मानायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेतसारा बसायचा तो काळीवर. आजही सातबारा निघतो तो शेताचाच. आता घरामागचं परस कुठं बसवायचं सांगा? जागा पांढरीतली आणि काम काळीचं! त्यातून निघालेली भाजी बाजारात गेली नाही, तिच्यावर सारा बसला नाही, म्हणून ती कुठल्या कागदावरही आली नाही. ती गेली थेट चुलीवर. आणि ते सगळं राबणं बायकांचं होतं. कागदावर न येण्याचं हेही एक कारण समजा.

माझी आजी औसा तालुक्यातली. तिच्या जुन्या घराचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की मी तिथं राहिल्यासारखं वाटतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद आणि मागं परस. न्हाणीतलं पाणी भिंतीच्या भोकातून बाहेर पडायचं. तिथंच आळू आणि केळ. पुढं चर काढलेला, तो भोपळ्याच्या आळ्यापर्यंत. दोडक्याचा वेल सरळ माळवदावर सोडलेला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. भांडी राखेनं घासायची, त्यामुळे ते पाणीही झाडांना चालायचं. राखेत पोटॅश असतं, हे शास्त्र आजीला माहीत नव्हतं, पण वेल तरारतो हे दिसत होतं.

आजीचं एक वाक्य होतं : "पाण्याला एकदाच राबवून सोडू नये, माय."

मला वाटतं, परसबागेचा सगळा इतिहास या वाक्यात आहे. आपण समजतो की बाग म्हणजे माती आणि बी. पण आपल्या कोरड्या मुलखात परस चालायचं ते घरात एकदा वापरलेल्या पाण्यावर. आडावरून घागर डोक्यावर आणायची बाई, म्हणून त्या पाण्याचा हिशेबही तिच्याच हातात. आधी पिणं, मग धुणं, मग झाड.

त्या परसात काय होतं, हेही मजेशीर आहे. अंबाडी घ्या. पाल्याची भाजी, सालीच्या तंतूंचे दोर. एकाच झाडात जेवण आणि जनावराचं दावं! इकडे नांदेडला देगलूर-बिलोलीकडचे लोक भेटले की अंबाडीला तेलुगूतलं 'गोंगुरा' हे नाव सहज कानावर येतं. येणारच. 1956 पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्यं वेगळी झाली, पण भाजीच्या चवीला सीमा कळत नाही. आणि जी मिरची आपण अगदी आपली समजतो, ती मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेली. पेरू आणि पपईही तिकडचीच. म्हणजे परस जुनं असलं तरी नव्याला नाही म्हणणारं नव्हतं. येईल ते बी लावून बघायचं.

मग हे मोडलं कुठं? एका दिवसात नाही मोडलं.

1972 चा दुष्काळ आठवणारी माणसं तुमच्या घरात असतील तर जरूर विचारा. लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायचं काम हे सगळं ते सांगतील. आजी अजून एक सांगायची. त्या वर्षी परसातला भोपळा गेला, केळ गेली. कारण दुसऱ्यांदा वापरायला पहिल्यांदा पाणी हवं ना! राहिला तो शेवगा. त्याचा पाला खुडून खाल्ला आणि कुठं ओल दिसली तर तिथं आलेली घोळ.

त्यानंतर 30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं होतं. ज्या माळवदावर वेल चढायचे, तेच मातीचं वजन झोपेतल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. आमच्या घरातलीही गेली. त्याबद्दल आजी कधी जास्त बोलली नाही आणि मीही आज बोलणार नाही.

पुनर्वसनात नवी गावं उभी राहिली. सरळ रस्ते, चौकटीत आखलेले प्लॉट. घराचं माप शेतजमिनीवर ठरलं : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या शेतकऱ्यांना 750. जुन्या गावठाणापेक्षा ही गावं कितीतरी जास्त जागेवर पसरली. म्हणजे कागदावर बघितलं तर घराभोवती मोकळी जागा आली, बागेसाठी उत्तमच! पण आमच्या आजीच्या नव्या घराची न्हाणी होती एका बाजूला आणि मोकळी जागा दुसऱ्या बाजूला. मधे फरशी. पाणी गटारीत जायचं आणि बाग कोरडी राहायची. शेवटी आजीनं स्वतः फरशीच्या कडेनं दगड लावून चर केला आणि जुन्या गावातून आणलेलं कढीपत्त्याचं रोप त्याच्या तोंडाशी लावलं. घर बांधून देणाऱ्यांनी माणसं मोजली, जमीन मोजली. पाण्याची वाट मात्र तिलाच आठवली.

याच भूकंपानंतरच्या कामातून एक मोठी गोष्टही उभी राहिली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं मराठवाड्यातल्या बायकांना घरबांधणीच्या कामात सोबत घेतलं आणि पुढे 'एक एकर मॉडेल' आणलं. बाईनं घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पीक न घेता घरात खाल्ली जाईल अशी डाळ, धान्य, भाजी कमी पाण्यात घ्यायची. 2017 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर हे परसच आहे, पांढरीतून काळीत गेलेलं. फरक एवढाच की या वेळी त्याची नोंद झाली.

आता 2016 वर येऊ. मी तेव्हा लातूर शहरात कॉलेजला होते. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, भांडणं होऊ नयेत म्हणून. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. टीव्हीवर केवढा जल्लोष! पण जरा भागाकार करा. शहराची लोकसंख्या 4 लाखांच्या घरात. माणशी सव्वा लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी आली, तिचं पाणी 25 लाख लिटर, म्हणजे माणशी सहा लिटरच्या आसपास.

आजी तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली. गच्चीवर माझी हौसेची वीस-बावीस झाडं होती, गुलाब, शेवंती, काय काय. एका संध्याकाळी तिनं मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "यातली तीन निवड. बाकीच्याला मी पाणी देणार नाही." मी रडले, भांडले. ती ढिम्म. मी गुलाब निवडला तर म्हणाली, "बघ, ह्यानं वरण होतंय का?" शेवटी राहिले कढीपत्ता, मिरची आणि तुळस. तीन महिने आम्ही ती फक्त डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगवली. मोजून एक तांब्या, तोही सूर्य मावळल्यावर. गुलाब माझ्या डोळ्यांदेखत वाळला. पाऊस आला तेव्हा कढीपत्त्याला नवी लालसर पालवी होती.

आजी आता नाही. त्या कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेलं एक पिल्लू मी नांदेडला आणलं. माझ्या मागं डावीकडच्या तेलाच्या डब्यात आहे ते.

नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरी आहे, नळ उघडला की पाणी येतं. म्हणून विसरायला फार सोपं जातं. तरी आमच्या सिंकखाली एक बादली असते. भाजी धुतलेलं पाणी तिच्यात. साबणाचं पाणी मात्र नाही, आपण आता राखेनं भांडी घासत नाही. आरओच्या नळीतून जाणारं पाणी क्षारांचं असतं, म्हणून ते दिलंच तर साध्या पाण्यात मिसळून. कुंडीत वर वाळलेल्या पाल्याचा थर, उन्हाळ्यात हिरवी जाळी. एवढंच.

तर मंडळी, तुम्हाला गॅलरीत काही लावायचं असेल तर नर्सरीत जाण्याआधी एक काम करा. एक दिवस आपल्या घरातलं पाणी कुठून येतं आणि वापरून झाल्यावर कुठं जातं, ते बघा. जिथून ते फुकट वाहून जातंय, तिथं पहिली कुंडी ठेवा.

आणि घरात आजी असेल तर तिला तिच्या परसात काय काय होतं ते विचारा, फोनमध्ये रेकॉर्ड करा. सातबाऱ्यावर ते सापडणार नाही.

भेटू पुढच्या भागात. चला, सूर्य मावळला. पाणी घालायची वेळ झाली.