स्वस्त हात आणि महाग यंत्र : मुंबईच्या कापडगिरण्यांतील स्वयंचलनाच्या व्यावसायिक मूल्याचा विचार

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रकलेमुळे सर्वदूर परिचित आहे. केंद्र शासनाच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला आणि तेथे प्रदूषणकारी उद्योगांवर कडक निर्बंध आले. कारखान्यातील मजुरी हवी असेल तर या परिसरातील माणूस बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे किंवा गुजरातेतील उंबरगाव, वापीकडे जातो. त्याच्या दृष्टीने स्वयंचलित यंत्राचा प्रश्न साधा आहे : यंत्र आल्यावर हातांची गरज किती उरणार? कारखानदाराचा प्रश्न वेगळा असतो : यंत्राची किंमत किती वर्षांत वसूल होणार? महाराष्ट्राच्या इतिहासात हे दोन प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने एकमेकांना भिडले ते मुंबईच्या कापडगिरण्यांत. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा मुंबईपासून घेतला आहे.

उपलब्ध असूनही न आलेले यंत्र

गिरणगावात मागाला ‘साचा’ म्हणत आणि विणकराला ‘साचेवाला’. साध्या यंत्रमागावर धोट्यातील कांडीचे सूत संपले की माग थांबवून नवी कांडी बसवावी लागे. ताण्याचा धागा तुटल्याचे वेळीच लक्षात आले नाही तर कापडात दोष राही. ही दोन कामे यंत्रावर सोपविण्यात अमेरिकेतील नॉर्थ्रॉप मागाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात यश आले. तो चालू स्थितीतच कांडी बदलत असे आणि ताणा तुटला की आपोआप थांबत असे. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये आपला ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला. तीस किंवा त्याहून अधिक मागांवर एका कामगाराला देखरेख करता येईल, अशी त्याची रचना होती. या मागाचे महत्त्व ओळखून लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रनिर्मात्या कंपनीने १९२९ मध्ये त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. ज्या लँकेशायरने जगाला माग पुरविले, त्याने जपानकडून मागाचे हक्क घ्यावेत, ही घटना त्या काळी किती अनपेक्षित वाटली असेल याची कल्पना करता येते.

याच काळात मुंबईचा साचेवाला सर्वसाधारणपणे दोन साधे माग चालवीत होता, तर लँकेशायरचा विणकर चार. स्वयंचलित माग बाजारात उपलब्ध होता; मुंबईच्या गिरण्यांनी मात्र तो मोठ्या प्रमाणावर घेतला नाही. त्यामागचा हिशेब स्पष्ट होता. स्वयंचलित मागाची किंमत साध्या मागाच्या कित्येक पट होती आणि त्यातून वाचणार होती ती मुख्यतः मजुरी. अमेरिकेत मजुरी जास्त असल्याने हा खर्च लवकर भरून निघे. रत्नागिरी, सातारा येथून येणारे बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे असताना मुंबईच्या मालकाला तो तसा भरून निघेल असे वाटत नव्हते.

तथापि स्वस्त मजुरी हे एकच कारण मानले तर जपानचे उदाहरण अनुत्तरित राहते. जपानमधील मजुरीही पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमीच होती. तेथे स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी १९२९ मध्ये अंमलात आली आणि प्रत्येक पाळीत अधिक उत्पादन काढण्याची निकड वाढली. शिवाय तेथील गिरण्या कापसाचे मिश्रण व सुताचा दर्जा यांकडे काटेकोर लक्ष देत. हा मुद्दा दुय्यम नाही. आखूड धाग्याच्या हलक्या कापसाचे सूत वारंवार तुटते, आणि सूत तुटत राहिले तर आपोआप थांबणारा माग बहुतेक वेळ थांबलेलाच राहील. स्वयंचलित मागाचे मूल्य विणकाम खात्यात दिसत असले तरी ते ठरते कापूस खरेदीत आणि सूतकताईत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या व त्यानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी भरघोस लाभांश वाटले. त्यातील पुरेसा भाग यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणासाठी राखला गेला असता तर पुढील दशकाचे चित्र वेगळे दिसले असते, असे मानण्यास जागा आहे.

१९२८ : यंत्राशिवाय ‘कार्यक्षमता’

तेजी ओसरली आणि जपानी कापडाची स्पर्धा वाढली. फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखालील टॅरिफ बोर्डाच्या १९२७ च्या अहवालाने कार्यक्षमता वाढविण्यावर भर दिला. त्याचा जो अर्थ मुंबईत लावला गेला तो या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. सासून समूहाच्या गिरण्यांत व अन्य काही ठिकाणी साचेवाल्याला दोनऐवजी तीन माग आणि कताई खात्यातील कामगाराला एकाऐवजी दोन बाजू देण्याची पद्धत सुरू झाली. माग बहुतांशी तेच राहिले. म्हणजे स्वयंचलनाचा लाभ हवा होता, मात्र त्यासाठीची गुंतवणूक बव्हंशी कामगाराच्या श्रमातून काढली जात होती. सूत वारंवार तुटते आणि तिसऱ्या मागामुळे धावपळ असह्य होते, ही कामगारांची तक्रार तांत्रिकदृष्ट्या अचूक होती.

२६ एप्रिल १९२८ रोजी सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. ना. म. जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन आणि संपकाळात स्थापन झालेली, श्री. अ. डांगे प्रभृतींची गिरणी कामगार युनियन यांनी संयुक्त संप समितीतर्फे सतरा मागण्या मांडल्या. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने मार्च १९२९ मध्ये अहवाल दिला. कार्यक्षमता योजनेचे तत्त्व तिने अमान्य केले नाही. कच्चा माल व कामाची परिस्थिती सुधारण्याची बाजू मात्र विचारात घेतली. व्यवहारात परस्पर अविश्वास एवढा होता की १९२९ मध्ये पुन्हा मोठा संप झाला.

धोट्याचा प्रश्न

या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपस्थित केलेला एक प्रश्न स्वयंचलनाच्या चर्चेत सहसा येत नाही. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. साध्या मागावर नवी कांडी घातल्यावर तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला स्पर्श करण्यास सवर्ण साचेवाल्यांचा विरोध होता. संपाच्या नेत्यांनी या प्रवेशबंदीविरुद्ध भूमिका घ्यावी, असा आंबेडकरांचा आग्रह होता.

नॉर्थ्रॉप मागाच्या धोट्यात सूत आपोआप ओवले जाई. तोंड लावण्याची गरजच नव्हती. तोंडाने धागा ओढण्याची प्रथा क्षयासारख्या रोगांच्या दृष्टीनेही पाश्चात्त्य देशांत टीकेचा विषय झाली होती. मुंबईत ते यंत्र आले असते तर जातिभेद नाहीसा झाला असता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. भेदाला दुसरे निमित्त मिळालेच असते. तरीही बंदीचे सांगितले जाणारे कारण ज्या साधनाने दूर होऊ शकत होते, त्या साधनाचे मूल्य वाचलेल्या मजुरीच्या आण्यांतच मोजले गेले, हे नोंदविणे आवश्यक आहे. मालकांच्या जमाखर्चात या रकान्याला जागा नव्हती आणि कामगार संघटनांनीही तो आग्रहाने उघडला नाही.

गोठलेले माग, पसरलेले माग

स्वातंत्र्यानंतर हिशेबात शासन हा तिसरा पक्ष आला. हातमागाच्या संरक्षणासाठी १९५६ पासून गिरण्यांतील मागांची संख्या गोठविण्यात आली. परिणाम अपेक्षेपेक्षा वेगळा झाला. कापड विणण्याचे काम हातमागाकडे जाण्याऐवजी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे सरकले. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला होता. त्या बीजाचा विस्तार आता झाला. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने मागही अशा केंद्रांत पोहोचले. जे यंत्र मुंबईत कालबाह्य ठरले होते, ते कमी भाडे, लांब पाळ्या आणि कामगार कायद्यांची सैल पकड यांच्या आधारे अन्यत्र फायद्याचे ठरले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा ही पर्यायी उत्पादनव्यवस्था सज्ज होती. संपाने गिरण्या बुडाल्या हे विधान म्हणूनच अपुरे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केल्यावर नव्या मागापेक्षा मागाखालची जमीन अधिक मोलाची ठरली. परळ-लालबागमध्ये आधुनिकीकरणाचा युक्तिवाद यानंतर फारसा टिकणे शक्य नव्हते.

१ एप्रिल १९९९ पासून केंद्र शासनाच्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने यंत्रखरेदीच्या कर्जावरील व्याजात सवलत दिली आणि इचलकरंजीत धोटाविरहित माग वाढू लागले. एअरजेट मागात हवेच्या झोताने बाण्याचा धागा मिनिटाला सहाशेहून अधिक वेळा आरपार जातो. साध्या यंत्रमागावर हा वेग दीडशेच्या आसपास असतो. आता खरेदीदार एकसारख्या दर्जाचे, निर्दोष, मोठ्या पन्ह्याचे कापड मागतो, आणि साध्या मागावर ते देता येत नाही. त्यामुळे कारखानदाराच्या हिशेबात वाचणारी मजुरी ही अनेक बाबींपैकी एक बाब झाली आहे. वीजदर, हवेच्या कॉम्प्रेसरचा खर्च, व्याज आणि सुताचा दर्जा या बाबी तिच्याहून वरचढ ठरू शकतात. अशा मागावर बसविण्यापूर्वी कामगाराला शिकवावे लागते. ते शिक्षण कोणी द्यायचे, त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर घालायचा आणि डहाणूच्या पाड्यावरून तारापूरला रोजंदारीसाठी येणाऱ्या तरुणाला ते मिळणार की तो केवळ गाठी उचलण्याच्या कामावर राहणार, हे १९२८ च्या सतरा मागण्यांत नव्हते. आज कारखान्याच्या प्रकल्प अहवालातही त्यासाठी स्वतंत्र रकाना क्वचितच आढळतो.