मॅनिफोल्ड बदललं तर गाडी पळेल का?

आमच्या वाशीत जुनी इंडिका अजून दिसते. ती दिसली की एक प्रश्न हमखास निघतो: टर्बोवाल्या गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड साध्या डिझेल इंजिनाला बसवलं, तर ताकद वाढेल का?

मॅनिफोल्ड म्हणजे फिल्टरमधून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारी नळी. पेट्रोल गाडीत अॅक्सिलरेटर हवा कमी-जास्त करतो. डिझेलचं तसं नाही. १८९७ साली रुडॉल्फ डिझेलचं इंजिन यशस्वी झालं, ते हवा दाबून तापवण्याच्या तत्त्वावर. ताकद ठरते आत किती डिझेल सोडलं यावर. हवा मात्र इंजिन ओढेल तेवढी ओढतं.

याला एक गमतीदार अपवाद होता. १९५० ते १९७० च्या दशकांतल्या अनेक मर्सिडीज डिझेल कारच्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी एक अरुंद गळा आणि झडप असे. तिथे तयार होणारी ओढ एका बारीक नळीने डिझेल पंपाच्या पडद्यापर्यंत जाई आणि डिझेल आवरून धरी. अशा इंजिनाला दुसरं मॅनिफोल्ड लावलं की ओढ संपली. मग स्प्रिंग पंपाला पूर्ण डिझेलकडे ढकलते आणि इंजिन बेफाम रेस होतं. तिथे मॅनिफोल्ड हाच लगाम होता.

इंडिकाची गोष्ट वेगळी. झेनचा आकार, अॅम्बेसेडरची जागा आणि मारुती ८०० च्या जवळपासची किंमत, हे रतन टाटांचं गणित. निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद कारखाना विकत घेऊन पुण्याला आणला, इंजिनासाठी फ्रान्सच्या ल मोतर मोदर्नची मदत घेतली आणि १९९८ च्या डिसेंबरात गाडी बाजारात आली. इंजिन १४०५ सीसी, टर्बो नाही. वेग आवरण्याचं काम पंपातल्या फिरत्या वजनांकडे. म्हणजे इथे मॅनिफोल्ड बदलणं धोक्याचं नाही, पण नुसतं तेवढंच केलं तर फायदाही फारसा नाही.

हिशोब करून बघा. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर हे इंजिन फार तर साडेतीन हजार लिटर हवा ओढणार. त्यात बालाघाटच्या पठारावर हवा समुद्रकाठापेक्षा विरळ. नळी रुंद केली तर थोडी जास्त हवा आत जाईल, पण पंपाने तितकंच डिझेल दिलं तर ताकद कुठून येणार? उलट पंप वाढवला आणि हवा तेवढीच राहिली, तर काळा धूर आणि बिघडलेलं अॅव्हरेज. टर्बो हवा दाबून भरतो. मॅनिफोल्ड फक्त वाट देतं.

हे सगळं मिस्त्रीला कानाने आणि धुराच्या रंगावरून कळायचं. २०१८ मध्ये इंडिका बंद झाली. आजच्या डिझेलच्या मॅनिफोल्डवर दाब मोजणारा सेन्सर असतो, ईजीआरची वाट तिथेच येते आणि डिझेलचा हिशोब ईसीयू ठेवतो. पार्ट जुळला तरी आकडे जुळले नाहीत, तर गाडी स्वतःच ताकद कमी करते. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे यातली सोय मला कळते. पण तो कोड तालुक्याच्या मिस्त्रीला वाचायला मिळत नाही. लगाम पुन्हा इंजिनावर आलाय. यावेळी तो त्याच्या पान्याला लागत नाही, एवढंच.